संत्र्याच्या बागेत उभी राहिलेली जुनी जीप परत रस्त्यावर कशी आणायची

काटोल, नरखेड, कळमेश्वर, सावनेर ह्या पट्ट्यात कधी फिरले असाल तर तुम्हाला माहीतच आहे, संत्र्याच्या बागेत विहिरीपाशी नाहीतर गोठ्याच्या मागे एखादी जीप उभी दिसतेच. टायर मातीत बसलेले, हूड फाटलेला, सीटवर कोंबडी बसलेली. एकेकाळी ह्याच जिपेनं त्या घरची संत्री मंडीत नेली, नवरी आणली, बाळंतीण दवाखान्यात पोहोचवली. मंग पिकअप आली, बोलेरो आली, अन् ही जी उभी राहिली ती राहिलीच. आमच्या मामांची अशीच चिंचेखाली १९९९ पासून उभी होती. ती चालू करून नागपूरला घरी आणेपर्यंत मला चौदा महिने लागले, आणि त्यात ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नका म्हणून हे सगळं लिहून राहिलो.

सगळ्यात आधी एकच गोष्ट, आणि ही जीव तोडून सांगतो. गाडी पाहायला गेले की लगेच बॅटरी लावून सेल्फ मारू नका. सोबतचे सगळे म्हणतात "मारून तर पाह्य ना भाऊ, काय होते", पण वीस-पंचवीस वर्षं उभ्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा सिलेंडरला गंजून धरलेल्या असतात, व्हॉल्व्ह अडकलेले असतात, आणि तुम्ही सेल्फ मारला की जे दोन दिवसांत तेलानं सुटलं असतं ते दोन सेकंदांत तुटते. मोबाईल काढा आणि फोटो घ्या. प्रत्येक वायर, प्रत्येक क्लिप, बोनेटच्या आतून, खालून, सीटखालून. दोनशे फोटो झाले तरी कमीच आहेत, सहा महिन्यांनी जोडायला बसले की कळते.

मंग ओळखा की उभं काय आहे, कारण सगळ्याच जुन्या जिपेला लोक "विलीज" म्हणतात अन् भाव पण तसाच सांगतात. दुसऱ्या महायुद्धातली खरी विलीज एमबी किंवा तिची जुळी बहीण फोर्ड जीपीडब्ल्यू, ह्या १९४१ ते १९४५ मधल्या. स्टिअरिंग डावीकडे, समोरच्या जाळीला नऊ फटी, हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत दबलेले, मागे उघडणारी फळी नाही, स्टेपनी मागे टांगलेली. फोर्डनं बनवलेली असेल तर तिच्या मूळ बोल्टांच्या डोक्यावर इंग्रजी एफ कोरलेला सापडतो आणि रेडिएटरच्या खालचा चेसिसचा आडवा दांडा उलट्या यू आकाराचा असतो, विलीजचा तोच दांडा गोल पाइपसारखा. युद्ध संपल्यावर अशा कितीतरी गाड्या इथेच राहिल्या आणि लिलावात विकल्या गेल्या. पण आपल्याकडच्या बागेत जी बहुतेक वेळा सापडते ती महिंद्राची सीजे-३बी, उजव्या स्टिअरिंगची, सात फटींची, आणि बोनेट एकदम उंच. ते बोनेट उगाच उंच नाही. आधीच्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये होते, ३बी च्या हरिकेन इंजिनात हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, त्यामुळे इंजिनाची उंची वाढली अन् बोनेट वर उचलावं लागलं. इंजिनाचा आकार मात्र दोन्हींचा तोच, २१९९ सीसी, चार सिलेंडर.

आता बोनेट उघडून पाहा की आत पेट्रोल इंजिन आहे की डिझेल. सत्तर-ऐंशीच्या दशकात पेट्रोल महाग झालं तेव्हा शेतकऱ्यांनी धडाधड डिझेल इंजिनं बसवून घेतली. त्यात काही वाईट नाही, गाडी कामाची होती म्हणून बसवलं, पण तुमचा पुढचा सगळा रस्ता ह्यावरच ठरते, कागदांचा सुद्धा.

कागदांचं काम रंगाच्या आधी, इंजिनाच्या आधी, पैसे देण्याच्या पण आधी करा. आरसी बुक मागा. त्यावरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा. पेट्रोल इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या समोरच्या भागात, वॉटर पंपाच्या मागच्या उंचवट्यावर कोरलेला असतो, तिथलं ग्रीस घासलेटानं पुसा, कागद ठेवून पेन्सिल घासा, ठसा उमटतो. इंजिन बदललेलं असेल तर ते आरसीवर चढलं आहे का ते पाहा. नंबर ग्राइंडरनं घासलेला दिसला तर भाऊ चहा प्या अन् घरी या, कितीही सुंदर गाडी असो. दुसरी सावधगिरी म्हणजे पंजाब-हरियाणाकडून, विशेष करून मंडी डबवालीकडून येणाऱ्या चकाचक जिपा. तिथले कारागीर हाताचे एक नंबर आहेत, पण बऱ्याच गाड्यांमध्ये जुन्या कागदावर सगळीच नवी बॉडी अन् भलतंच इंजिन असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असे बदल चालत नाहीत. फिटनेसच्या दिवशी आरटीओत तुम्ही उभे राहाल, विकणारा नाही.

बागेतल्या गाडीचा मूळ मालक बहुतेक वेळा वारलेला असतो. तेव्हा वारसाच्या नावानं ट्रान्सफर फॉर्म ३१ वर होते, आणि विकत घेत असाल तर पुढे फॉर्म २९ आणि ३०. आरसी हरवली असेल तर डुप्लिकेटसाठी फॉर्म २६. वारस तीन-चार भाऊ-बहिणी असतील तर सगळ्यांच्या सह्या आधी घ्या, काम झाल्यावर गाडी चमकायला लागली की प्रत्येकाला बाबांची आठवण येते आणि ते स्वाभाविकच आहे. १९८९ च्या आधीच्या गाडीला एमएच नंबर नसतोच, जुना तीन अक्षरी नंबर असतो, आणि तिची नोंद ऑनलाइन वाहन सिस्टिममध्ये नसण्याचीच शक्यता जास्त. त्याला बॅकलॉग एंट्री लागते, म्हणजे आरटीओतल्या जुन्या रजिस्टरवरून माहिती कॉम्प्युटरवर चढवणे. आपल्याकडे शहराचं एमएच ३१, पूर्व नागपूरचं एमएच ४९ आणि ग्रामीणचं एमएच ४० अशी तीन ऑफिसं आहेत, काटोल-सावनेरकडची गाडी असेल तर आधी विचारा की जुनं रजिस्टर कुठे आहे. माझे ह्यातच चार महिने गेले.

नोंदणीचे दोन रस्ते आहेत आणि निवड शांतपणे करा. एक म्हणजे नेहमीचं रिन्युअल, फॉर्म २५ वर, दर पाच वर्षांनी, गाडी दाखवून. वीस वर्षांपेक्षा जुन्या कार-जीपची ही फी ऑगस्ट २०२५ पासून १०,००० रुपये झाली आहे, वरून पर्यावरण कर, विमा, पीयूसी, नवी नंबर प्लेट. दुसरा रस्ता व्हिंटेजचा, जो केंद्रानं २०२१ मध्ये आणला. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली गाडी, चेसिस-बॉडी-इंजिन मूळ, तर व्हीए असलेला खास नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २०,००० आणि दहा वर्षांची मुदत. ऐकायला भारी वाटते, पण ती गाडी रोज चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढता येते. डिझेल इंजिन बसवलेल्या जिपेला तर हा रस्ता बंदच. माझं मत विचाराल तर अस्सल एमबी असेल तरच व्हीए करा. ३बी असेल, आणि रविवारी पोट्ट्यांना घेऊन रामटेकला जायचं असेल, तर साधं रिन्युअल करा. दहा-पंधरा वर्षांत गाडी भंगारात जाते ही जी भीती लोक घालतात ती दिल्लीकडच्या नियमांची आहे, आपल्याकडे फिटनेस असलेली गाडी चालते.

गाडी घरी आणताना ट्रॅक्टरला दोर बांधून ओढू नका, टेम्पोवर चढवा. ब्रेक नाहीत, टायर कुजलेले, चाकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस दगड झालेलं. नागपूरच्या बाहेर वाडी गावाला ट्रकवाल्यांची इतकी गॅरेजं आहेत, तिथून क्रेनवाला सहज मिळतो.

आता इंजिन. चारही प्लग काढा आणि प्रत्येक भोकात अर्धी वाटी डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओता. तसंच सोडून द्या, दोन दिवस, चार दिवस, लागले तर पंधरा दिवस, रोज थोडं थोडं टाकत राहा. मंग गाडी न्यूट्रलला ठेवून समोरून हँडल लावा आणि ताकद न लावता हलवून पाहा. इकडे एक इंच, तिकडे एक इंच. ज्या दिवशी ते हँडल पहिल्यांदा पूर्ण फिरलं ना, मामा बाजूला उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त बोनेटवर हात ठेवला. मोकळं फिरायला लागलं की खालचं ऑइल पॅन उघडाच, टाळू नका. आत तळाशी काळ्या मलमासारखा गाळ बसलेला असतो, त्यावर नवीन तेल ओतलं की तो सुटून ऑइल पंपाच्या जाळीत जातो आणि बेअरिंगला तेल मिळत नाही. साफ करून २०डब्ल्यू-५० किंवा २०डब्ल्यू-४० भरा, आपल्या उन्हात ह्यापेक्षा पातळ नको.

मूळ पेट्रोल इंजिनाचे आकडे लिहून ठेवा: पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधला करंट तोडणारा स्विच) गॅप ०.०२० इंच, प्लगची ०.०३० इंच, फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलेंडरांमध्ये स्पार्क पडायचा क्रम १-३-४-२. पॉइंटसोबतचा कंडेन्सर नवीनच टाका. आजकालचे कंडेन्सर टिकत नाहीत म्हणून एक जादाचा डिक्कीत पाहिजेच. युद्धातल्या गाड्या ६ व्होल्टच्या होत्या, आपल्याकडच्या बहुतेक कोणी ना कोणी १२ व्होल्ट केलेल्या असतात, बॅटरी लावायच्या आधी डायनामो, बल्ब, कॉइल सगळं एकाच व्होल्टचं आहे का ते तपासा. वायरिंग पूर्ण नवीन करा, जुन्या वायरीवरचं कापडी आवरण हातात भुगा होते, आणि हे सांगायचं खास कारण पुढच्या गोष्टीत आहे.

ते म्हणजे टाकी. ह्या जिपांची पेट्रोल टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तुम्ही अक्षरशः पेट्रोलवर बसलेले असता. म्हणून गळकी टाकी एम-सील लावून चालवू नका, बाहेर काढा, जुनं पेट्रोल ज्याचा आता वार्निश झाला आहे ते काढून टाका, आत मूठभर नट-बोल्ट अन् घासलेट टाकून खूप हलवा, गंज निघतो. वेल्डिंग करायचं असेल तर टाकीचं काम ज्याला येते त्याच्याचकडे न्या, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट भडकते. आणि सगळे रबरी पाइप बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येते, जुनं रबर त्यानं फुगते, मऊ होते, चिरते. दुकानात इंजेक्शनच्या गाड्यांचा, इथेनॉल सोसणारा पाइप मागा, थोडा महाग पडतो. इथेनॉल पाणी ओढून घेते, म्हणून महिनोन्महिने टाकी अर्धी भरून गाडी उभी ठेवू नका. मधे एक काचेचा फिल्टर बसवा, गंज येतो की नाही डोळ्यानं दिसते.

इंजिन चालू झालं की सगळ्यांना एक चक्कर मारायची घाई होते. आमच्या इथेही झाली, एका मिस्त्रीनं "ब्रेक धरून राहिला" म्हणून सांगितलं, अन् गल्लीच्या वळणावर पेडल सरळ खाली गेलं. कोणाला लागलं नाही ही गजाननाची कृपा. जुन्या जिपेला चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि तेलाची लाइन एकच, म्हणजे एका चाकाचं रबर फाटलं की चारही चाकांचा ब्रेक जातो. म्हणून अर्धवट काम नाहीच. चारही व्हील सिलेंडर, मास्टर सिलेंडर, तिन्ही रबरी होज, लोखंडी पाइप, सगळं नवीन. मास्टर सिलेंडर पायाखाली फ्लोअरच्या खाली लपलेला असतो, चिखल-पाणी सगळं त्याच्यावर, त्यामुळे त्याचं तेल पाहायला कोणी वाकत नाही. तुम्ही दर महिन्याला वाका. हँडब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (गिअरबॉक्समागचा, पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. म्हणजे मागचं एक चाक जॅकवर उचललं की हँडब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकते. चाकाला दगड लावल्याशिवाय खाली शिरू नका, घरच्यांची शपथ घेऊन सांगतो.

स्टिअरिंगला ४०-४५ च्या स्पीडला अचानक थरथर सुटते, दोन्ही हातांनी धरूनही राहत नाही. लोक व्हील बॅलन्सिंग करत बसतात, पण बहुतेक वेळा दोष किंगपिनच्या (ज्या खिळीवर समोरचं चाक वळते ती) बेअरिंगमध्ये नाहीतर टाय रॉडच्या (स्टिअरिंगसाठी समोरची चाकं जोडणारा दांडा) टोकांमध्ये असतो. समोरचं चाक उचला, वरून-खालून धरून हलवा, खटखट लागली की तेच. टायर ६.००-१६ साइजचे अजून सहज मिळतात कारण ट्रॅक्टरच्या समोरच्या चाकाला तीच साइज चालते, पण ट्रॅक्टरचा सरळ रेघांचा टायर रस्त्यावर लावू नका, तो त्या वेगासाठी नाहीच. फोर व्हीलचं पण लक्षात ठेवा, डांबरी कोरड्या रस्त्यावर फोर व्हील टाकून फिरू नका, पुढचे-मागचे शाफ्ट एकमेकांना पिळतात आणि मग लिव्हर निघतच नाही. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर टाका, तेव्हा कळते ही गाडी काहून बनवली होती.

नागपूरच्या उन्हाची गोष्ट वेगळी सांगावी लागते. २०१३ च्या मे महिन्यात इथे ४७.९ डिग्री झालं होतं आणि पेट्रोलचा हलका भाग तर ४० च्या आसपासच उकळायला लागतो. बोनेटखाली, एक्झॉस्टच्या बाजूला असलेल्या पंपात आणि पाइपात त्याची वाफ होते, पंप वाफ ढकलू शकत नाही, अन् गाडी सिग्नलवर बंद. दहा मिनिटं सेल्फ मारून बॅटरी संपवू नका. बोनेट उघडा, पंपावर आणि पाइपवर ओला रुमाल टाका, पाच मिनिटं थांबा. कायमचा इलाज म्हणजे पाइप एक्झॉस्टपासून दूर फिरवून घेणे आणि पंप अन् ब्लॉकच्या मधे जाड गॅस्केट देणे. रेडिएटर काढून उलट्या बाजूनं पाणी मारा. ब्लॉकच्या बाजूला ज्या पत्र्याच्या गोल टोप्या असतात त्या काढल्या तर आत मागच्या सिलेंडरपाशी गंजाचा गाळ सापडतोच, माझ्या इंजिनातून दोन वाट्या निघाला, रेडिएटर नवीन असूनही गरम का होत होतं ते तेव्हा समजलं. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारी झडप, काढून फेकायचा सल्ला इथे सगळेच देतात. मी ठेवला आहे, बाकीचं साफ असेल तर त्याचा त्रास होत नाही.

पत्रा आणि रंग शेवटी. एक मात्र आधीच सांगतो, मिलिटरीचा ऑलिव्ह हिरवा रंग देऊ नका. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे तो रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. आमची मुळात निळी होती, डॅशबोर्डच्या मागे जुना रंग शिल्लक होता, त्याच्यावरूनच मिळवला. फ्लोअरला जाड लेप मारून छिद्रं झाकू नका, कापून नवा पत्रा लावा. स्प्रिंगच्या पाट्यांच्या मधे ग्रीस, पाट्या चेसिसला जोडणाऱ्या शॅकलचे बुश नवीन, आणि मूळ डेंट जर मालकाच्या आठवणीतला असेल तर राहू द्या. डाव्या मडगार्डवरचा चेंदा बैल धडकून झालेला आहे, मामा म्हणाले राहू दे, राहू दिला.

पार्ट इथे पूर्ण मिळत नाहीत. जे रबर, बेअरिंग, सील आहेत ते जुना पार्ट हातात घेऊन दुकानात गेले तर मापानं सापडतात. खास जिपेचे पार्ट दिल्लीला कश्मीरी गेट अन् मायापुरीकडून मागवावे लागतात. फोटो पाठवा, माप पाठवा, मगच पैसे पाठवा.

पहिली फेरी पहाटे, गर्दीच्या आधी. मी काटोल नाक्यावरून गोरेवाड्याकडे गेलो, परत येताना सेमिनरी हिल्सचा उतार घेतला, ब्रेकची खरी परीक्षा तिथे होते. परत येऊन चारही ड्रमला हात लावून पाहा, एखादा जास्त गरम असेल तर तो ब्रेक धरून आहे. पहिल्या ३०० किलोमीटरला तेल बदला, हेडचे नट परत कसा.

बागेत जीपसोबत तिची छोटी ट्रॉली पण सापडली तर ती सोडू नका. पाव टनी दोन चाकी, संत्र्याचे क्रेट न्यायची. आम्ही तिच्यावर लाकडी फळ्या, खाली सामान, वर ताडपत्रीचा तंबू असं केलं आणि दोन माणसं आरामात झोपतात. ट्रॉलीची वेगळी नोंदणी लागते हे लक्षात ठेवा, टेल लॅम्प आणि इंडिकेटरची वायर जीपपर्यंत आणा. तिला स्वतःचे ब्रेक नाहीत, म्हणून सामान कमी भरा, आणि जड वस्तू चाकांच्या थोड्या पुढे ठेवा म्हणजे एकूण वजनाचा दहावा हिस्सा हुकवर येईल. मागे वजन गेलं की ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि जिपेला पण हलवते. आम्ही डिसेंबरात पेंचकडे खुर्सापारच्या बाजूला घेऊन गेलो होतो, पन्नासच्या वर गेलोच नाही, मधे दोनदा थांबून हुकची पिन पाहिली. मामा पूर्ण रस्ता पुढच्या सीटवर, परत येताना मानकापूरपर्यंत त्यांनीच चालवली.